काठावरच्या दोन खुर्च्या

घरातील रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, काही काळानंतर घराबाहेर पडणे म्हणजे दवाखान्यात जाणे, एवढाच अर्थ उरतो. आमचेही तसेच झाले होते. पत्नीला कंपवात होऊन सहा वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून उंबरा ओलांडायलाही भिऊ लागली. मी चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, पाळीच्या भोंग्यावर आयुष्य काढलेला. तिच्या मंद हालचालींवर मी चिडतो, हे येथे कबूल केलेले बरे.

डिसेंबरमधल्या एका सकाळी, ऊन चढल्यावर, आम्ही रावेतला पवनेच्या बंधाऱ्यापाशी गेलो. पिंपरी-चिंचवडचे बरेचसे पिण्याचे पाणी येथून उचलले जाते. निघण्याची वेळ तिच्या गोळीवरून ठरवली. गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने तिचे पाय मोकळे होतात. (आपल्याकडे असा रुग्ण असेल, तर ही वेळ हेरून ठेवा.) घडीच्या दोन खुर्च्या, शाल, थर्मासमध्ये चहा. उठताना तिचा रक्तदाब उतरतो, म्हणून गाडीतून उतरल्यावर ती दार धरून क्षणभर उभी राहिली.

जलपर्णीच्या कडेने काळे वारकरी पोहत होते. कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला की देहू-आळंदीच्या या मुलखात त्या पक्ष्याच्या नावाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. लांब, लाल पायांचे शेकाटे मात्र मला निर्भेळ आनंद देत नाहीत. सांडपाण्याने मैलेल्या उथळ पाण्यातही ते सुखाने चरतात. त्यांची गर्दी वाढली की नदीविषयी शंका येते.

दुपारी, पुढच्या गोळीनंतर, कासारसाईच्या जलाशयाकाठी खुर्च्या मांडल्या. दुर्बीण तिच्या हातांत ठरेना, म्हणून मी डोळ्यांना लावली. पण मोतीबिंदूमुळे मला सारे धूसर. शस्त्रक्रिया मी दोन वर्षे लांबवीत आलो आहे. तेवढे दिवस हिच्याकडे कोण पाहणार?

"अहो, डावीकडे. खडकाच्या खाली. नारिंगी आहेत दोन."

आजाराने तिचा आवाज खाली गेला आहे. घरात दूरदर्शन आणि प्रेशर कुकर यांच्यापुढे तो मला ऐकूच येत नाही, आणि मी "काय?" म्हणून खेकसतो. येथे प्रत्येक शब्द कळला. तिने सांगितलेल्या खुणेवर दुर्बीण रोखली, तेव्हा दोन नारिंगी ठिपके दिसले. चक्रवाक! उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करणारे हे पक्षी हिवाळ्याला आपल्याकडे उतरतात. रात्री ही जोडी विलग होते आणि दोन काठांवरून एकमेकांना हाका मारीत राहते, असा जुन्या कवींचा संकेत आहे. मी तो तिला सांगितला.

"आपल्यासारखेच की," ती म्हणाली. आमच्या खाटा आता वेगळ्या आहेत. कूस बदलता येत नाही, म्हणून रात्री दोन-तीनदा ती मला हाक मारते.

त्या रात्रीही तिने हाक मारली. मी उठून तिला कुशीवर वळवले, पाठीशी उशी लावली.

"रविवारी पुन्हा जाऊ," ती म्हणाली. "पण आधी तुमच्या डोळ्याचे बघा. मुलीला बोलावून घेऊ आठ दिवस. सगळे पक्षी काय मीच पाहायचे?"