दिसत नाही, म्हणजे?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बहुतेक कामं ‘होतंय का’ या प्रश्नाभोवती फिरतात. बटण दाबलं, टिकेट तयार झालं का? नंबर पडला का? मेल गेला का? गेला, पुढचं घ्या. परमिशन तपासायला बसलं की प्रश्न उलटा होतो: होत नाहीये ना? समोर रिकामा पडदा असतो आणि शेजारचा डेव्हलपर घाईत असतो. “दिसत नाहीये ना? मग पास कर की.”

दिसत नाही हे खरं. पण का दिसत नाही? नियमानं अडवलं म्हणून, की आत दाखवण्यासारखं काही नव्हतंच म्हणून? की मघाशी लावलेला फिल्टर काढायचा राहिलाय? तिन्ही वेळा पडदा सारखाच रिकामा.

मी इन्सिडंट मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करते, बहुतेक वेळा सर्व्हिसनाऊवर. मोठ्या कंपनीत व्हीपीएन लागेना, लॅपटॉप उठेना, पगाराची स्लिप उघडेना, की माणूस टिकेट टाकतो. ते हेल्पडेस्ककडे जातं, तिथून नेटवर्ककडे, तिथून ‘हे आमचं नाही’ असा शेरा घेऊन डेटाबेसवाल्यांकडे. वाटेत ते किती जणांच्या नजरेखालून जातं याची टाकणाऱ्याला कल्पना नसते, आणि प्रिंटर अडकल्याची तक्रार चारचौघांनी वाचली तर बिघडत काहीच नाही. पण त्याच यंत्रणेत ‘अमुक अधिकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी शिरलंय’ असंही टिकेट असतं. आणि ‘या कर्मचाऱ्याचा ॲक्सेस आज संध्याकाळी पाचला बंद करा, त्याला आधी कळू देऊ नका’ असंही. हे शेवटचं माझं आवडतं टेस्ट टिकेट. कारण तो कर्मचारी हेल्पडेस्कवरच बसत असेल, तर? सर्व्हिसनाऊत टिकेट सोडवणाऱ्यांना मिळणारा जो नेहमीचा रोल आहे, त्याला मुळात सगळी इन्सिडंट्स, म्हणजे ही टिकेट, वाचता येतात. मुद्दाम काही केलं नाही, तर सकाळी चहा घेता घेता स्वतःच्याच निरोपाचं टिकेट त्याला रांगेत सापडेल.

या कामासाठी मी माणसं पाळते. टेस्ट युजर म्हणजे बहुतेक टीममध्ये ‘टेस्ट-एक’, ‘टेस्ट-दोन’ असतात आणि महिन्याभरानं टेस्ट-दोनला कुठला रोल दिला होता हे कुणालाच आठवत नाही. माझ्या युजरना नावं आहेत आणि नोकऱ्याही. गणपतला काहीच रोल नाही, तो फक्त तक्रार करतो. शिर्के नेटवर्क ग्रुपमध्ये. मंदाताई एचआरमध्ये. कुलकर्णी कालपर्यंत सिक्युरिटी टीममध्ये होते, आज बदली झाली. कुलकर्ण्यांवर माझा विशेष लोभ आहे. परमिशन द्यायला सगळे हजर असतात, काढायला कुणी नसतं. त्यामुळे बदली झालेला माणूस हा सगळ्यात कामाचा साक्षीदार. त्याला ग्रुपमधून काढलं, पण जुनी टिकेट त्याच्या नावावर राहिली. टिकेटवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या वॉच लिस्टमध्ये त्याचं नाव तसंच आहे. दुसऱ्या खिडकीत त्याचं सेशन सकाळपासून चालू आहे आणि लॉगआउट करेपर्यंत जुना रोल तिथे जिवंत राहू शकतो.

क्रम ठरलेला. आधी टिकेट तयार करायचं. मग ज्याला ते दिसलंच पाहिजे अशा माणसाच्या रूपात जाऊन ते खरंच दिसतंय याची खात्री करायची. मंदाताईंना दिसलं? नंबर टिपून घ्या. आता तोच नंबर, तीच यादी, तोच फिल्टर घेऊन शिर्क्यांच्या रूपात जा. आता जे दिसत नाही, त्याला काही किंमत आहे. ही मधली पायरी गाळलेले टेस्ट रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत: पन्नास ओळी हिरव्यागार आणि टेबलात एकही रेकॉर्ड नाही.

दुसऱ्याच्या रूपात जायला ॲडमिनकडे इम्परसोनेटची सोय असते. पासवर्ड न विचारता शिर्के व्हायचं, काम झालं की परत आपण. पण पडद्याच्या कोपऱ्यात कुणाचं नाव आहे ते दर वेळी बघावं लागतं, कारण बऱ्याच नियमांवर ‘ॲडमिनला हे लागू नाही’ अशी खूण मुळातच केलेली असते. ॲडमिन म्हणून परमिशन तपासणं म्हणजे काहीच न तपासणं.

यादीत टिकेट दिसलं नाही, इथे बहुतेकांची तपासणी संपते. माझी तिथे सुरू होते. टिकेटचा थेट दुवा शिर्क्यांच्या ब्राउझरमध्ये चिकटवायचा. वरच्या शोधपट्टीत टिकेटमधला एखादा चमत्कारिक शब्द टाकून बघायचा. त्यासाठीच मी वर्णनात ‘अननसशिकरण’ असला कुठेच न सापडणारा शब्द घालून ठेवते. रिपोर्ट काढायचा. एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करायचं. एपीआयनं, म्हणजे पडदा टाळून प्रोग्रामकरवी, तेच टेबल मागायचं, कारण काही नियम माणूस पडद्यासमोर बसलेला असेल तरच लागू होतील असे लिहिलेले असतात. मूळ टिकेट लपवलं, पण त्याला जोडलेलं दुसरं टिकेट उघडं राहिलं आणि त्यात मूळ टिकेटचा मथळा सबंध दिसतोय, हेही होतं. आणि शेवटी मेल. पडद्यावर कडेकोट बंदोबस्त आणि मेलमधून सगळं बाहेर, याची उदाहरणं जवळपास प्रत्येक प्रोजेक्टवर मिळतात.

मेलवरून एक गोष्ट सांगते, कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. टिकेटमध्ये लिहायच्या दोन जागा असतात. एक कॉमेंट, जी तक्रार करणाऱ्याला दिसते. दुसरी वर्क नोट, जी फक्त टीमपुरती. दोन्ही खिडक्या एकाखाली एक, एकीला पिवळसर पट्टी. एका सपोर्ट इंजिनिअरनं वर्क नोटमध्ये मन मोकळं केलं होतं: ‘सिस्टिममध्ये काहीही प्रॉब्लेम नाही, युजरच दर वेळी चुकीचा पासवर्ड टाकतो आणि वर आपल्यावर ओरडतो.’ परमिशन चोख होती. युजरनं पोर्टल उघडलं तर त्याला ती नोट दिसत नव्हती. पण टिकेट बंद झाल्यावर जो मेल जायचा, त्याच्या टेम्प्लेटमध्ये कुणीतरी ‘सगळ्या नोंदी’ असा व्हेरिएबल टाकून ठेवला होता. युजर निघाला फायनान्सचा व्हीपी. पुढचे दोन दिवस त्या इंजिनिअरला सगळे सांगत होते की असं लिहू नये. मला तो सल्ला चुकीचा वाटतो. टीमला आपसात खरं बोलायला जागा हवीच, म्हणून तर ती खिडकी वेगळी केली आहे. मोडला होता तो टेम्प्लेट.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हिसनाऊत रेकॉर्ड लपवायचे दोन ढोबळ मार्ग आहेत. एक, यादी मागितल्याबरोबर क्वेरीलाच गुपचूप अट जोडायची: गणपतनं इन्सिडंट्स मागितली, तर ‘जिथे तक्रारदार गणपत आहे’ एवढीच मागितली असं धरायचं. त्याला त्याची चार टिकेट दिसतात आणि जगात चारच आहेत असं वाटतं. दुसरा मार्ग एसीएलचा, म्हणजे ॲक्सेसच्या नियमांचा. तिथे यंत्रणा आधी सगळे रेकॉर्ड उचलते, मग एकेक तपासून नको ते गाळते, आणि यादीखाली प्रामाणिकपणे सांगते की सुरक्षेच्या कारणानं इतक्या ओळी काढून टाकल्या आहेत.

ती खालची ओळ मला वर्षानुवर्षं फार प्रिय होती. सुरुवातीला म्हटलं ना, रिकाम्या पडद्याचा अर्थ लावता येत नाही. तो ही ओळ लावून द्यायची. ‘एक ओळ काढली’ असं दिसलं की समजायचं, टिकेट आत आहे, नियम लागला, पास. डेव्हलपरला स्क्रीनशॉट पाठवला की वाद संपला.

जुलै 2025 मध्ये व्हॅरोनिस या सुरक्षा कंपनीनं ह्याच ओळीतला एक दोष जाहीर केला. दोषांच्या सार्वजनिक यादीत तो नोंदला गेला सीव्हीई-2025-3648 म्हणून. नुसत्या रोलअभावी अडवलेल्याला यंत्रणा सरळ दारातच थांबवायची, आकडा द्यायची नाही. पण तो रेकॉर्डमधल्या माहितीवरच्या अटीमुळे किंवा स्क्रिप्टमुळे अडला असेल, तर किती ओळी गाळल्या हे सांगायची. आणि फिल्टर लावायची मुभा तर कुणालाही. मग शिर्क्यांनी विचारायचं: वर्णन ‘क’नं सुरू होतं अशी टिकेट? शून्य. ‘ख’नं? शून्य. ‘अ’नं? एक ओळ काढली. ‘अन’नं? एक. असं अक्षर अक्षर पुढे सरकत अख्खं वर्णन वाचून काढता येतं, एकही रेकॉर्ड न उघडता. हाताने कंटाळवाणं, पण स्क्रिप्टला कुठे कंटाळा येतो? वसुलीवाला दारात आला की पोरगं सांगतं ना, “बाबा म्हणाले, बाबा घरी नाहीत,” तसला हा नकार.

वाचून मी हळहळले आणि मग जरा चिडलेही, कारण ती ओळ वापरकर्त्याच्या सोयीची होती. यादी अर्धवट का दिसते हे माणसाला कळावं, एवढाच तिचा हेतू. सर्व्हिसनाऊनं फिल्टर लावण्याच्या हक्कालाच वेगळा नियम आणला: तुम्हाला जे वाचता येत नाही, त्यावर ‘यानं सुरू होणारं’ किंवा ‘हे असलेलं’ असं विचारताही येऊ नये. योग्यच आहे. माझ्या तपासणीच्या तक्त्यात तेव्हापासून एक रकाना वाढला: काय दिसतं, याच्या शेजारी, काय विचारता येतं. क्रमवारी लावता येते का? गट करून मोजता येतं का? रिपोर्टमधला बार शिर्क्यांसाठी आणि मंदाताईंसाठी सारख्याच उंचीचा आहे का? असेल, तर शिर्के वाचत नसले तरी मोजतायत.

यातलं तत्त्व नवं नाही. साल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यात सांगून ठेवलं आहे की निर्णय नकारापासून सुरू व्हावा: कुणाला परवानगी आहे ते लिहा, बाकी सगळ्यांना नाही. तरीही 2023 मध्ये याच उत्पादनात उघडकीला आलं की ज्या एसीएलमध्ये रोल नाही, अट नाही, स्क्रिप्ट नाही, असा कोरा नियम ‘सगळ्यांना चालेल’ असा वाचला जात होता, आणि यादी दाखवणारं एक सार्वजनिक विजेट लॉगिन न केलेल्यालाही त्यातून माहिती देऊ शकत होतं. नियम कोरा ठेवणाऱ्याला वाटतं आपण अजून काही दिलेलं नाही. वेब ॲप्लिकेशनमधल्या मोठ्या धोक्यांच्या ओवॅस्प या संस्थेच्या 2021 च्या यादीत ॲक्सेस कंट्रोलमधले दोष पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आले, त्याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

खरं अवघड मात्र हे सगळं नाहीच. हे तंत्र आहे, शिकता येतं. अवघड आहे ते, कुणाला काय दिसायला हवं हे कुणाकडून तरी वदवून घेणं. रिक्वायरमेंटच्या कागदावर लिहिलेलं असतं: ‘गोपनीय टिकेट फक्त संबंधितांना दिसावं.’ संबंधित म्हणजे कोण? एचआर म्हणतं, फक्त आम्ही. पण अकाउंट बंद करणारा हात आयटीचा आहे, त्याला काय करायचं ते कळायला नको? मग त्याला नाव दिसावं, कारण दिसू नये. त्याचा लीड? लीड रजेवर असेल तर त्याच्या जागी बसलेला? सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या सहा तासांत लीगलपासून कम्युनिकेशनपर्यंत सगळ्यांना टिकेटमध्ये यायचं असतं, आणि तेव्हा घाईत दिलेला रोल परत घ्यायचं कुणाच्या कामात बसतं? मी हे प्रश्न टेस्ट केस म्हणून लिहिते, कारण टेस्ट केसला अपेक्षित निकालाचा रकाना असतो आणि तो कुणालातरी भरावा लागतो.

अशाच एका मीटिंगमध्ये एचआरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि ॲडमिनला?”

“ॲडमिनला सगळं दिसतं.”

“म्हणजे तुम्हालाही दिसणार?”

“नाही, प्रॉडक्शनवर मला लॉगिन नाही.”

“मग ॲडमिन कोण आहेत?”

डेव्हलपरनं तिथल्या तिथे यादी काढून पडद्यावर टाकली. ती एका पानात मावत नव्हती. ठरलेला अजेंडा बाजूला राहिला आणि उरलेली मीटिंग त्या यादीतलं एकेक नाव घेत, हा माणूस आता कुठल्या टीममध्ये आहे, हे शोधण्यात गेली.