बाईंचा गोल

पेण-रोहा हा कबड्डीचा मुलूख. इथे छपराखाली फुटबॉल खेळायचा, आणि तोही बायका-पुरुषांनी मिळून, असं आमच्या बँकेच्या दोन्ही शाखांनी ठरवलं. आधी नियमावली आली; चेंडू नंतर. बँकच ती! परिपत्रकाशिवाय आम्ही शिंकतसुद्धा नाही.

या खेळाचं नाव फुटसाल. १९३० साली उरुग्वेतल्या एका मास्तरांनी तो बसवला. बाजूला गोलकीपर धरून ५ गडी, २०-२० मिनिटांचे दोन डाव, बदली गडी हवे तितक्यांदा. इथवर सगळे खूश. पण मिश्र सामन्यांत कुठे कुठे आणखी एक नियम असतो: बाईचा गोल दोन धरायचा. आमच्या पुरुषमंडळींना तो फारच आवडला. बिनखर्चाचं औदार्य! एकाने तर दाखला दिला, "कबड्डीतही बायकांचं मैदान १३ ऐवजी १२ मीटरच असतं की!"

कॅशियर बाईंनी चष्मा सारखा केला. म्हणाल्या, "गोल एकच धरा हो. संध्याकाळची गाडी पकडून घरी गेल्यावर जी दुसरी ड्यूटी लागते ना, ती तेवढी मोजा."

नियम तिथल्या तिथे एकमताने रद्द झाला. दुसऱ्या ड्यूटीचा मुद्दा मात्र पुढच्या सभेवर ढकलला आहे.