एडीच्या वडिलांचे अपुरे राहिलेले प्रियाराधन

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजेच सिटकॉम, हा प्रकार अमेरिकेत घराच्या आधाराने वाढला. तोच दिवाणखाना, तीच माणसे, दर आठवड्याला एक नवी अडचण आणि अर्ध्या तासात तिचा निकाल, अशा या ठरीव मांडणीत मृत्यूला काही स्थान असावे असे वाटत नाही. तरीही पत्नी वारलेला बाप हा तिचा आवडता नायक होता. १९६० साली सुरू झालेल्या ‘माय थ्री सन्स’ आणि ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या दोन्ही मालिकांतील वडील विधुर आहेत, आणि त्यामागे शोकाविषयीच्या आस्थेपेक्षा घटस्फोटाविषयीचा संकोचच अधिक होता. आई घरात नसावी, ही कथेची गरज होती. परंतु ती नवऱ्याला सोडून गेली असे म्हणताच नेटवर्क, म्हणजे देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या दूरचित्रवाणी कंपन्या, बिचकत असत. मृत्यूत कोणाचाच दोष निघत नसल्यामुळे तो सोयीचा ठरे, आणि पहिल्या भागाआधीच दिवंगत झालेल्या त्या आईची पुढे फारशी आठवणही कोणी काढत नसे.

१७ सप्टेंबर १९६९ रोजी एबीसी या नेटवर्कवर सुरू झालेल्या ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’ या मालिकेचे मोल कळते ते या विस्मरणाच्या पार्श्वभूमीवर. लॉस एंजेलिसमध्ये मासिकाच्या व्यवसायात असलेला टॉम कॉर्बेट आणि त्याचा लहानगा मुलगा एडी यांची ही गोष्ट. बिल बिक्सबी वडील झाला आणि ब्रँडन क्रूझ मुलगा. वडिलांसाठी चांगली बायको शोधून द्यावी, ही एडीची धडपड हे कथेचे वरवरचे सूत्र आहे. खरा जीव मात्र बापलेकांच्या बोलण्यात आहे. हॅरी निल्सनच्या शीर्षकगीताबरोबर समुद्रकिनाऱ्यावर रमणारे ते दोघे दिसतात, आणि पुढे मूल जे प्रश्न विचारते, त्यांना बाप हसण्यावारी न नेता, घाई न करता उत्तर देतो. उत्तर सापडत नसेल तर मुलाच्या शेजारी बसून राहतो. दूरचित्रवाणीवरील बाप तोवर प्रामुख्याने न्यायनिवाडा करीत असे किंवा गोंधळ घालीत असे. मुलाचे ऐकून घेणारा, त्याच्यापुढे स्वतःचे एकटेपण न लपवणारा हा तरुण पुरुष त्या काळच्या पडद्यावर दुर्मीळ होता.

मालिकेचा आधार होता व्हिन्सेंट मिनेली यांनी दिग्दर्शित केलेला १९६३ सालचा त्याच नावाचा चित्रपट, आणि चित्रपटाचा आधार होती मार्क टोबी यांची कादंबरी. चित्रपटात ग्लेन फोर्ड वडील आहे आणि रॉन हॉवर्ड मुलगा. आईच्या मृत्यूचे दुःख अजून ओले असताना टाकीतला मासा मेलेला पाहून तो मुलगा असा काही किंचाळतो, की पुढचा सारा विनोद त्या किंकाळीच्या सावलीतच पाहावा लागतो. चित्रपटाला तरीही एक शेवट आहे. बापाचे मन शेजारच्या स्त्रीकडे वळते आणि घर पुन्हा भरण्याची चिन्हे दिसू लागतात. मालिकेला ही सोय नसते. टॉमचे लग्न झाले तर कथाच संपते, म्हणून प्रत्येक स्त्रीने आठवड्याअखेर निघून जायचे. व्यवसायाच्या या नियमातून नकळत एक सत्य हाती लागले: आईची जागा रिकामीच राहिली, आणि त्या रिकाम्या जागेसह जगण्याची रीत हाच मालिकेचा विषय झाला.

मालिका सुरू झाली त्याच १९६९ च्या शरद ऋतूत पडद्यावरील इतर घरे मात्र भराभर भरत होती. ‘माय थ्री सन्स’मधील वडिलांचे नऊ वर्षांनंतर पुन्हा लग्न लागले, आणि एबीसीवरच अवघ्या नऊ दिवसांनी आलेल्या ‘द ब्रेडी बंच’मध्ये तीन मुलांच्या विधुर बापाने तीन मुलींच्या आईशी संसार थाटला, ती आई घटस्फोटित की विधवा, हे मात्र संदिग्धच ठेवले गेले. पडद्याबाहेर काळ बदलला होता. जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट घेण्याची मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९६९ सालीच संमत होऊन १ जानेवारी १९७० पासून अमलात आला, आणि टॉम कॉर्बेटच्याच शहरातील एकल बापांना त्याच्याकडे पाहताना स्वतःची ओळख पटली असेल, तर ती त्याच्या विधुरपणामुळे नव्हे, मुलाशी चाललेल्या त्याच्या संवादामुळेच पटली असेल.

१ मार्च १९७२ रोजी, तीन हंगाम आणि ७३ भाग झाल्यावर, मालिका थांबली. हा आकडा किरकोळ नाही. अमेरिकेत संपलेली मालिका स्थानिक वाहिन्यांना विकून रोज पुनःप्रक्षेपित करण्याचा व्यवहार असतो आणि त्यासाठी साधारण शंभर भागांचा साठा सोयीचा मानला जातो. ११७ भागांची ‘द ब्रेडी बंच’ त्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पोहोचली. एडी आणि त्याचे वडील तितके पोहोचले नाहीत, ही उणीव गुणांची नव्हती. बिक्सबीला तेव्हा स्वतःचे मूल नव्हते. क्रूझशी जडलेले त्याचे नाते मात्र मालिकेबरोबर संपले नाही, आणि क्रूझने पुढे आपल्या मुलाच्या नावात ‘बिक्सबी’ हा शब्द गुंफला.

या कोमल मालिकेचा एक अन्याय मात्र नोंदवलाच पाहिजे. कॉर्बेटांचे घर सांभाळणाऱ्या, टॉमला ‘मिस्टर एडीज फादर’ अशी हाक मारणाऱ्या मिसेस लिव्हिंग्स्टनची भूमिका मियोशी उमेकी या जपानी अभिनेत्रीने केली होती. ‘सायोनारा’ या १९५७ सालच्या चित्रपटासाठी अभिनयाचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. एवढ्या गुणवती कलावतीच्या वाट्याला मोडक्या इंग्रजीतील गोड वाक्ये आणि दुसऱ्यांच्या घराची उस्तवार आली, आणि त्यातही तिने अशी शांत प्रतिष्ठा आणली, की बापलेकांचे घर घर वाटते ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे. टॉमचे एकटेपण समजून घेणाऱ्या लेखकांनी या परक्या देशात आलेल्या स्त्रीच्या एकटेपणाला फारच थोडी जागा दिली. मालिका बंद झाल्यावर उमेकीने अभिनय सोडला, आणि त्या एकटेपणाविषयी लेखकांनी न विचारलेले प्रश्न पुढे तिच्या वाट्याला दुसऱ्या कोणत्याही भूमिकेत आले नाहीत.