चोरघंटेला धुराची जोड

घरफोडीची सूचना देणारी यंत्रणा, म्हणजे बोलण्यात जिला चोरघंटा किंवा नुसते 'अलार्म' म्हणतात ती, घरच्यांनी कळ दाबली की जागी होते आणि त्यांनीच पुन्हा कळ दाबली की निजते. धुराची सूचना देणाऱ्या स्मोक डिटेक्टरला मात्र असे निजवून चालत नाही, कारण आग लागण्याची वेळ घरच्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरत नाही. ही दोन्ही उपकरणे एकाच पॅनेलला जोडता येतात आणि तशी जोडली म्हणजे एकच बॅटरी, एकच सायरन व मोबाइलवर जाणारा एकच संदेश दोन्ही कामांना पुरतो, हे खरे असले, तरी ज्यांचे स्वभावच एकमेकांविरुद्ध आहेत अशा दोन व्यवस्था एका छपराखाली आणताना तारांपलीकडचे किती प्रश्न उभे राहतात, हे नवीन पनवेलमधील एका कुटुंबाच्या अनुभवावरून ध्यानात येते.

सिडकोने वसवलेल्या या उपनगरातील एका जुन्या, कमी उंचीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे घर आहे. पतिपत्नी दोघेही नोकरीनिमित्त सकाळी लोकल गाठतात, मुलगी शाळेत जाते आणि दुपारी सासूबाई घरी एकट्याच असतात. चोरीच्या भीतीने काही वर्षांपूर्वी दाराला चुंबकीय सेन्सर, दिवाणखान्यात माणसाच्या शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर आणि गॅलरीवर सायरन अशी व्यवस्था येथे झाली; खिडक्यांना पेटीसारख्या पुढे आलेल्या लोखंडी ग्रिल आणि मुख्य दाराला जाळीचे सेफ्टी डोअर त्याआधीपासूनच होते. ऑक्टोबर 2025 मध्ये दिवाळीच्या दिवसांत वाशी येथे आणि पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील कामोठे येथे निवासी इमारतींना आगी लागून माणसे दगावली, तेव्हा चोराचा इतका बंदोबस्त असलेल्या या घरात आगीचा काहीच बंदोबस्त नाही, ही गोष्ट कुटुंबाला प्रथमच जाणवली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 या कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. परंतु जुन्या, कमी उंचीच्या इमारतींतील सदनिकेच्या आत, झोपण्याच्या खोलीबाहेर धूर ओळखणारे काही आहे की नाही, हा प्रश्न व्यवहारात घरमालकाच्याच शहाणपणावर सुटतो किंवा सुटत नाही.

डिटेक्टरची निवड करताना पहिला विचार स्वयंपाकघराचा करावा लागला. प्रकाशीय डिटेक्टरच्या अंधाऱ्या कप्प्यात एक प्रकाशकिरण सोडलेला असतो आणि धुराचे कण आत शिरले की तो विखरून संवेदकावर पडतो. मिरचीच्या फोडणीचा ठसका आणि खरी आग यांतला फरक या कप्प्याला कळत नाही. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता मोजणारा हीट डिटेक्टर, आणि शयनगृहांना जोडणाऱ्या बोळात, छताच्या पंख्याच्या झोतापासून दूर, प्रकाशीय डिटेक्टर अशी योजना झाली. देव्हाऱ्याचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता, कारण संध्याकाळचा धूप बंद करण्याची सूचना या घरात कोणीही केली नसती. डिटेक्टरच देव्हाऱ्यापासून दूर सरकवण्यात आला, आणि हाच निर्णय योग्य होता.

जोडणीचे काम वरवर सोपे दिसते. चार तारांच्या डिटेक्टरमध्ये दोन तारा पॅनेलकडून 12 व्होल्टचा पुरवठा घेतात आणि उरलेल्या दोन, धूर आढळताच मिटणाऱ्या संपर्काद्वारे, पॅनेलच्या एखाद्या 'झोन'ला, म्हणजे सेन्सरच्या एका स्वतंत्र मंडलाला, खबर देतात. बसवणाऱ्या कारागिराने केसिंग पट्टीतून तारा नीटनेटक्या नेल्या, परंतु झोनचा प्रकार दाराच्या सेन्सरसारखाच ठेवला. परिणामी यंत्रणा चालू असताना चाचणीचा धूर दिला की सायरन वाजे, आणि ती बंद केली की तोच धूर मुकाट्याने निघून जाई. म्हणजे ज्या दुपारच्या वेळी सासूबाई एकट्या झोपलेल्या असत आणि चोरघंटा बंद असे, नेमक्या त्याच वेळी डिटेक्टर निरुपयोगी होता. असा झोन पॅनेलमध्ये चोवीस तासांचा अग्निझोन म्हणून नोंदवावा लागतो, ज्यामुळे यंत्रणा चालू असो वा बंद, त्याचे लक्ष हटत नाही. शिवाय तारांच्या शेवटच्या टोकाला, पॅनेलच्या पेटीत नव्हे, ठरावीक मूल्याचा रोधक बसवला, तरच मधली तार तुटल्याची तक्रार पॅनेल करू शकते. आणि डिटेक्टरचा वीजपुरवठाच खंडित झाला तर तेही कळावे म्हणून त्याच टोकाला एक छोटा रिले लागतो. कारागिराला रोधकाची माहिती होती, रिलेची नव्हती.

दुसरी अडचण डिटेक्टर एकदा बोलल्यावर गप्प बसत नाही, ही होती. असे डिटेक्टर धूर विरल्यावरही इशाऱ्याच्या स्थितीत अडकून राहतात आणि त्यांचा वीजपुरवठा क्षणभर तोडल्यावरच मोकळे होतात. त्यासाठी पॅनेलकडे कळफलकावरून तोडता येणारा पुरवठा असावा लागतो. तो नसेल तर घरातले लोक दोन-चार वेळा कंटाळून डिटेक्टर छतावरून उतरवून कपाटात ठेवतात, आणि मग सगळा खर्च वाया जातो. पनवेलच्या पावसाळी दमट हवेत किडे आणि ओल डिटेक्टरच्या कप्प्यात शिरून खोटे इशारे देतात, त्यामुळे जाळी वेळोवेळी साफ करणे हा या व्यवस्थेचाच भाग मानावा लागतो.

तथापि सर्वांत गंभीर प्रश्न आवाजाचा निघाला. चोराचा सायरन वाजला की शहाण्या माणसाने खोलीचे दार लावून आतच थांबावे आणि मदत बोलवावी, तर आगीचा सायरन वाजला की क्षण न दवडता बाहेर पडावे. दोन्हींचा आवाज एकच असेल, तर मध्यरात्री दचकून उठलेल्या माणसाने यांपैकी काय करायचे? आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 8201 मध्ये इमारत रिकामी करण्याच्या इशाऱ्यासाठी अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके आणि मग दीड सेकंदाचा विराम अशी लय सांगितली आहे. या घरातील पॅनेलला ती लय देता येत होती, केवळ कोणी ती निवडली नव्हती. ती निवडल्यानंतर चोरीचा सायरन सलग आणि आगीचा तीन ठोक्यांचा, असा भेद मुलीलाही एका संध्याकाळी समजला.

आवाजाचा उलगडा झाल्यावर ग्रिलकडे लक्ष जाणे अपरिहार्य होते. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप लागे आणि किल्ली दिवाणखान्यातल्या खणात जाई, खिडक्यांच्या ग्रिलला उघडणारा भाग कोठेच नव्हता. म्हणजे तीन ठोक्यांचा इशारा 'बाहेर पडा' म्हणत असता घराची संपूर्ण रचना 'आत राहा' म्हणत होती. डिटेक्टरच्या खर्चाशी तुलना करता क्षुल्लक वाटणारे, पण अधिक मोलाचे काम यानंतर झाले: सेफ्टी डोअरला आतून किल्लीशिवाय उघडणारे लॅच बसले आणि गॅलरीच्या ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडता येईल असा लोहाराकडून करून घेण्यात आला.

ज्या घरांत चोरघंटा आधीपासून आहे, त्यांनी पॅनेलची माहितीपुस्तिका काढून तिच्यात चोवीस तासांचा अग्निझोन, वेगळा आवाज आणि तोडता येणारा पुरवठा या तीन गोष्टी आहेत का ते पाहावे. त्या नसतील तर जोडणीचा अट्टहास सोडून बॅटरीवर चालणारा, स्वतःचाच आवाज असलेला डिटेक्टर बोळात लावावा, आणि दोन्हींपैकी काहीही करण्यापूर्वी आजच्या रात्री दाराची किल्ली कोठे राहते ते घरातल्या प्रत्येकाला विचारून घ्यावे.