धाव, घाट आणि पेव

लिंबच्या विहिरीला सगळे बारा मोटेची विहीर म्हणतात. माझ्या मामांनी काठावरून फिरत मोटांच्या जागा मोजल्या तर त्या पंधरा भरल्या. "तीन मोटा सरकारजमा," असं म्हणून ते हसले आणि एका थारोळ्याच्या कडेला टेकले. पोरवयात त्यांनी स्वतः मोट हाकलेली. त्यामुळे बाकीची मंडळी विहिरीत डोकावून फोटो काढत होती, तेव्हा हे गृहस्थ विहिरीकडे पाठ करून धाव कुठं असेल ते बघत होते.

धाव म्हणजे बैलांच्या येण्याजाण्याचा उतार. मोटेला वरून जाड नाडा आणि खालून, सोंडेला, बारीक सोंदूर. बैल उतारावरून खाली निघाले की मोट भरून वर येते आणि सोंड थारोळ्यात मोकळी होते. पाणी पाटाला लागतं. मग बैलांना त्याच उतारावरून मागच्या मागं वर आणायचं. "खाली जाताना आम्ही नाड्यावर बसायचो. तेवढंच वजन, बैलाला हलकं जातं. आणि गाणं म्हणायचं, नाहीतर बैल ऐकत न्हाय," मामा म्हणाले. गाणं म्हणून दाखवा म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. समोर बैल नव्हते.

शिलालेखात शके 1641 ते 1646 असा काळ आहे, म्हणजे 1719 ते 1724. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. गावात सांगतात की ती इथल्या आमराईसाठी होती, तेहतीसशे झाडांची. वरून बघितलं तर विहिरीचा आकार शिवलिंगाचा दिसतो. पायऱ्या उतरून आत गेलं की दगडी कमानी लागतात आणि चोरवाटेसारख्या अरुंद जिन्यानं वर आलं की चक्क महाल. त्याच्या खांबांवर हत्ती, घोडेस्वार, मारुती. खाली पाणी, बाजूला मोटा आणि मध्ये बसून राज्यकारभाराच्या गोष्टी. उन्हाळ्यात याहून गार कचेरी साताऱ्यात कुठं मिळाली असती?

मला मौज वाटली ती याची, की एवढं सगळं एका बागेच्या पाण्यासाठी. सातारा-सांगलीकडं फिरायला म्हणजे महाबळेश्वर नाहीतर गड, असा आपला हिशेब असतो. आमच्या या फेरीत आम्ही गड मुद्दाम टाळले. मामांचे गुडघे हे एक कारण होतं, पण मलाही तटबुरुजांपेक्षा रोजच्या कामासाठी बांधलेल्या जागा बघायच्या होत्या.

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. हे गाव नानांना इनाम मिळालं 1768 मध्ये, औंधच्या प्रतिनिधींच्या घराण्याकडून. या प्रतिनिधींचं नाव पुढं पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. वाड्यात चित्रं आहेत, जुनं लाकूडकाम आहे. नानांचं प्रसिद्ध मेणवली दप्तर याच गावचं. पण मेणवलीत बसावं ते घाटावर. अर्धचंद्राकृती, कृष्णेत उतरत गेलेला घाट. हिंदी सिनेमावाल्यांना तो फार आवडतो. 'स्वदेस'मुळे तर पोरंटोरंही ओळखतात. आम्ही गेलो तेव्हा तिथं दोन बायका गोधड्या धूत होत्या आणि पुण्याहून आलेलं एक जोडपं त्यांना जरा बाजूला व्हायला सांगत होतं. लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. बायकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते मला बरं वाटलं. घाट ज्यासाठी बांधला तेच काम त्या करत होत्या.

घाटाच्या वर मेणेश्वराच्या देवळापाशी एक मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा लुटीबरोबर देशावर आल्या आणि शंकराच्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितलं. "आई-लेकरू हाय की," एवढंच म्हणाले.

मेणवलीसारखं गाव बघितलं की आठवतं, फ्रान्समध्ये 1982 पासून देशातल्या सर्वांत सुंदर गावांची एक संघटना आहे. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि गावात निदान दोन संरक्षित वास्तू किंवा जागा हव्यात, अशा तिच्या अटी आहेत. नाव यादीत आलं की गावाला पाटी मिळते, पाहुणे येतात, दुकानं चालतात. आपल्याकडं अशी यादी करायला बसलं तर वाई तालुक्यातच निम्मी वही भरेल. मात्र पाटीबरोबर पार्किंग येतं आणि पार्किंगबरोबर काय येतं ते कासच्या पठारावर दिसतं.

कासबद्दल फार लिहीत नाही. सप्टेंबरात तिथं न गेलेला मराठी माणूस आता विरळा. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात हे पठारही गेलं. आता आगाऊ नोंदणी, शिट्ट्या. हे सगळं हवंच, नाहीतर तेरडा आणि गेंद तुडवून झाले असते. जांभ्याच्या खडकावर वीतभरही माती नाही, म्हणून झाड धरत नाही आणि म्हणूनच फुलांना जागा मिळते. वायतुरा तर याच भागातल्या सड्यांवर, साचलेल्या पाण्यात उगवतो, दुभंगलेला तुरा वर काढून. मी पायवाटेच्या कडेला उकिडवा बसून सीतेची आसवं बघत होतो. करंगळीच्या नखाएवढं निळंजांभळं फूल. त्याच्या मुळाशी, ओल्या मातीत, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे फुगे असतात आणि त्यांत बारीक जीव ओढून घेऊन हे झाड खातं. नाव किती हळवं आणि पोट भरायची रीत कशी! मामांना फुलांपेक्षा खालच्या कास तलावात रस होता. साताऱ्याच्या बऱ्याच भागाला पाणी तिथून येतं. उतार कसा काढला असेल यावर ते गाडीत बसेपर्यंत बोलत राहिले.

कऱ्हाड ओलांडून सांगलीच्या बाजूला लागलं की रंग बदलतो. ऊस, द्राक्षाचे मांडव आणि मध्येच उघडे माळ. औंधचं संस्थान म्हणजे तुकडे-तुकडे होते. कुंडल आणि आटपाडी हे त्यांतले इकडचे. 1910 मध्ये पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पुढं आटपाडीजवळ याच संस्थानात स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावर बेतलेला. आणि कुंडल तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं गाव. एवढा इतिहास पोटात असून गाव मात्र आपलं साधं. एस.टी. थांबा, चहा, भजी, उसाच्या ट्रॉल्या.

तिथून जवळच देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, 1913 सालचा, आजोळी. गावाबाहेर सागरेश्वराची देवळं आहेत, लहानमोठी पन्नासेक, काही कंबरेइतकी उंच, आत पिंडी. त्यांच्या पाठीमागचा डोंगर एके काळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली, जगवली, आणि 1985 मध्ये तिथं अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण आत सांबर आहे, चितळ आहे. माणसानं हातानं केलेलं जंगल म्हणतात ते हे. चढावर मामा थांबले, एका झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हणाले, "ह्याला पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुणी घातलं आसंल रं?" कासला अशी कुणाची आठवण काढावी लागत नाही. इथं पायवाटेवर दर दहा पावलांवर तोच प्रश्न पडत होता.

हरिपूर शेवटी ठेवलं होतं. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म इथला. संगमेश्वराच्या देवळामागं वारणा कृष्णेला मिळते आणि पावसाळ्याअखेर दोन्हींचं गढूळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं. पण आम्ही विचारत विचारत निघालो होतो ते पेवांसाठी.

हळदीची पेवं. नदीकाठच्या या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून वीस-पंचवीस फूट खोल खड्डे खणून हळद भरायची. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. हळद वर्षानुवर्षं राहते, किडत नाही. सांगलीच्या हळदबाजाराचं गोदाम असं जमिनीखाली होतं. एका परड्यात आम्हाला एक म्हातारा भेटला. तरुणपणी पेवांवर हमाली केलेला.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" इथून सुरुवात झाली. मामांचं गाव, मग मामांचे पाहुणे, मग त्या पाहुण्यांचे पाहुणे. नातं कुठंतरी जुळल्यावरच पेवाचा विषय निघाला.

"झाकण काडलं की लगीच उतरायचं न्हाय," तो सांगू लागला. आत हवा मेलेली असते. काही तास तोंड उघडं ठेवायचं आणि मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही, पुन्हा थांबायचं. तेवत राहिला तर एकजण आत जाऊन पाट्या भरून देतो, वरचे ओढतात. हे सांगताना त्याचे हात दोरी सोडत होते, थांबत होते, पुन्हा सोडत होते. बाहेर आलं की माणूस नखशिखान्त पिवळा. "घरात अंगणातच आंघूळ. आत घ्यायची न्हाय बायकू."

2005 च्या पुरात बहुतेक पेवांत पाणी शिरलं आणि हा धंदा उठला. आता माल गोदामात, शीतगृहात. म्हातारा 2005 ची उंची भिंतीवर हातानं दाखवत होता, तर मामांनी 2019 चा विषय काढला. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. "त्यो मोठा, बरोबर," म्हातारा म्हणाला, "पण तवा जायला काय राहिलंच न्हवतं."

परड्यातलं एक पेव बुजवून तिथं कढीपत्ता लावलेला होता. म्हाताऱ्याच्या मुलाचं हळदीचं छोटं दुकान पुढच्या ओट्यावर होतं. मामांनी हळकुंड हातात घेऊन कटकन मोडलं, आतला रंग उन्हात धरून बघितला आणि भावाची घासाघीस सुरू केली. पंधरा मिनिटांनी दोन किलो हळकुंडं पिशवीत पडली. पोरगा दळून देतो म्हणत होता. म्हाताऱ्यानं त्याला गप्प केलं आणि मला बजावलं, "घरी न्हिऊन दळा. आन् गिरणीवाल्याला सांगा, सकाळी पयल्यांदा हळद घाल म्हणावं, मिरचीच्या आधी."