कंपनी कुठली?

मॉनिटर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘कंपनी कुठली दाखवू?’ याच प्रश्नावर आमच्या घरची २००७ ची चतुर्थी गाजली होती.

बाबा निवृत्त मराठी शिक्षक. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या आठवणी ते कॉम्प्युटरवर टाइप करत होते. कोणत्या साली कोणतं नाटक झालं, पेटीवर कोण होतं, कोणतं पद कोणाच्या गळ्यात शोभायचं... सगळं डोक्यात. त्यांच्या टेबलावर पोट सुटलेला जुना १५ इंची मॉनिटर होता. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मी तो ८०० बाय ६०० वर ठेवला होता. चतुर्थीच्या आधी तो बंद पडला आणि माटोळीखाली सभा भरली.

भावोजी सोनीच्या ट्रिनिट्रॉनचे भक्त. ‘तसे रंग पुन्हा होणे नाही!’ मी म्हटलं, रंग खरे, पण आतली जाळी धरणाऱ्या बारीक तारांची सावली पांढऱ्या पानावर दिसते त्याचं काय? आतेभावाला सॅमसंगचा सिंकमास्टर हवा होता. वहिनीला व्ह्यूसॉनिकचे तीन रंगीत पक्षी आवडले होते. नेवऱ्या संपल्या, वाद संपला नाही. बाबा गप्प बसून ऐकत होते. त्यांना कोणी विचारलंच नाही.

शेवटी मी एका नामांकित कंपनीचा १७ इंची सपाट एलसीडी आणला. जोडला, आणि सवयीने पुन्हा ८०० बाय ६०० केला. अक्षरं मोठी झाली. मी खूश!

पंधरा-वीस दिवसांनी बाबांचं टायपिंग थांबलं. ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ कळेना. ‘म्हजे दोळे गेले रे’, एवढंच म्हणाले. डोळे तपासले, चष्मा बदलला, फरक नाही. मग आम्हीही धरून चाललो की वय झालं.

पुढच्या मे महिन्यात यूपीएस दुरुस्त करायला एक पोरगा आला. पडद्याकडे बघून म्हणाला, ‘हें रेझोल्युशन कोणें बदल्लें?’

जुन्या काचेच्या मॉनिटरचं चित्र ठरावीक चौकटींत बांधलेलं नसतं, त्यामुळे रेझोल्युशन कमी केलं तरी अक्षर बऱ्यापैकी टिकतं. एलसीडीचे ठिपके मात्र कारखान्यातच मोजून बसवलेले. त्या १७ इंचीत १२८० बाय १०२४, म्हणजे तेरा लाखांवर. मी त्याला ४ लाख ८० हजार ठिपक्यांचं चित्र देत होतो. एक ठिपका दीड-पावणेदोन ठिपक्यांवर ताणला की कडा पुसट होतात. इंग्रजी अक्षर कसंबसं निभावतं. आपल्या ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ष्ठ’ची पोटं मात्र भरून जातात.

पोराने १२८० बाय १०२४ केलं आणि वर्डमध्ये पान दीडशे टक्के मोठं केलं. बाबा खुर्ची ओढून बसले आणि मोठ्याने वाचू लागले. मी आत निघून गेलो.

कंपनीचा दोष नव्हता आणि डोळ्यांचाही नव्हता. आठ महिने माझ्या अडाणीपणात गेले. तेवढ्यात दोन पदांच्या चाली आणि एका पेटीवाल्याचं नाव बाबा विसरले. त्या जागी त्यांनी टाकलेली तीन टिंबं फाइलमध्ये अजून तशीच आहेत. बाबा आज नाहीत.

नावाचं म्हणाल तर डब्यावरचं नाव आणि आतली काच एकाच घरची असेल असं नाही. २००६ च्या सुमारास डेलच्या एका २० इंची मॉडेलमध्ये कधी एलजी-फिलिप्सचं पॅनेल निघे, कधी सॅमसंगचं. मॉडेल तेच! मोठा पडदा म्हणजे सुबक अक्षर, हेही खरं नाही. १९२० बाय १०८० चे तेवढेच ठिपके २४ इंचांत इंचाला सुमारे ९२ बसतात, २७ इंचांत ८२ च.

म्हणून मंडळी, वाचायला-लिहायला मॉनिटर घेणार असाल तर दुकानात मराठीचं एक पान उघडायला लावा. रेझोल्युशन पडद्याचं मूळचं आहे ना ते बघा, आणि ‘श्रद्धा’, ‘घट्ट’, ‘निष्ठा’ वाचा. ज्याच्यासाठी घेताय त्यालाच वाचायला सांगा.

कंपनी कुठली, ते मागाहून विचारा.