रूळ कोल्हापुरातच थांबले

गगनबावडा हे आमच्या सासूबाईंचं माहेर. यंदा तिथं गेलो, तेव्हा त्यांच्या भावाच्या नातीनं विचारलं, "काकू, आपल्याकडं रेल्वे का हो नाही?" मी शाळेत इतिहास शिकवते, पण उत्तर येईना! परतल्यावर वाचून काढलं. कोल्हापूर संस्थानानं मिरजेपर्यंतचा फाटा बांधला, १८९१ साली गाडी धावली. रूळ मात्र कोल्हापुरातच संपले. इकडं गगनबावड्याला सह्याद्रीचा कडा. करूळ घाट उतरलं की वैभववाडीला कोकण रेल्वे. मधल्या जोडमार्गाची मागणी जुनीच आहे.

सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "भाऊ मुंबईला गिरणीत गेला, तेव्हा एसटी पहिल्याच वळणाला दिसेनाशी झाली. स्टेशन असतं, तर आणखी घटकाभर हात हलवला असता गं."